समासात राहून गेलेलं उत्तर

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे आमच्या घरातलं काम नव्हे. वडील रेल्वेत ट्रॅकमन आहेत, मुदखेडच्या आसपास रूळ तपासत चालतात. त्यांचं अक्षर मी सहीपुरतंच पाहिलं आहे. आई बचत गटात गेल्यापासून सही शिकली, त्याआधी अंगठा होता. अशा घरातून पहिल्यांदा कॉलेजात गेलेल्या माणसानं सरांच्या नोकरीवर आणि शिकवण्यावर लिहायला बसावं, हे माझं मलाच अवघड वाटतं. सर देशाच्या मध्यवर्ती बँकेत अधिकारी होते आणि मधली दोन वर्षं नांदेडला विद्यापीठात आम्हाला अर्थशास्त्र शिकवायला आले होते. त्यांच्याबद्दल लिहायचा हक्क बँकेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांचा आहे, मला ती दोनच वर्षं माहीत आहेत. तीही सोमवार ते शुक्रवार, कारण शनिवार-रविवार ते लातूरला आईकडे असत. तरी लिहितोय. सरांनी मला एकदा एक प्रश्न विचारला होता आणि मी त्याचं उत्तर दिलं नाही. उत्तर तयार होतं. अजूनही आहे.

सर आले तेव्हा मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. मुंबईतल्या एवढ्या मोठ्या बँकेतून कुणी आमच्याकडे शिकवायला येतंय, यावर आमचा विश्वास बसत नव्हता. विभागात एक शिपाईकाका होते, त्यांना सगळ्यांच्या आधी सगळं कळायचं. त्यांना विचारलं, तर म्हणाले,

“सोडून न्हाई आले रे. लिएन हाय त्यांचं. दोन वर्सं.”

“लिएन म्हणजे?”

“यष्टीत चढायच्या आधी खिडकीतून रुमाल टाकतेत का न्हाई? तसं. तिकडं रुमाल टाकून आलेत. दोन वर्सात माघारी गेले तर जागा त्यांचीच. न्हाई गेले तर गेली.”

“आणि इथंच करमलं तर?”

“तर रुमाल उचलून घ्यायचा. पन मुंबईतला रुमाल कोन उचलतंय बाबा!”

तेव्हापासून आमच्या वर्गाला एक चाळाच लागला. सर आज हसले, म्हणजे राहतील. सरांनी भाड्याच्या खोलीत कूलर घेतला, म्हणजे नक्की राहतील. सरांचा फोन वाजला आणि ते बाहेर जाऊन इंग्रजीत बोलले, म्हणजे गेले.

पहिल्या तासाला ते वर्गात आले आणि आम्हाला ‘तुम्ही’ म्हणाले. आमच्याकडे शिक्षक एकट्यादुकट्या पोराला ‘तुम्ही’ म्हणाले की समजायचं, आता काहीतरी बोलणी बसणार. सरांनी भोकरकडच्या एका मुलीला विचारलं, “तुम्ही सांगा, महागाई म्हणजे काय?” ती उभी राहिली, बावरली आणि म्हणाली, “सर, माझं काही चुकलं का?” सगळा वर्ग हसला. सरही हसले, पण त्यांनी ‘तुम्ही’ काही सोडलं नाही. पुढे आम्हालाही त्याची सवय झाली. एकदा घरी जाऊन मी धाकट्या बहिणीला चुकून ‘तुम्ही’ म्हणालो, तर तिनं आईला हाक मारून सांगितलं, “आई, दादाला ताप आलाय बघ.”

सरांची हकीकत मला तुकड्या-तुकड्यांत कळली, बहुतेक कँटीनच्या चहावर. त्यांचं गाव किल्लारीच्या बाजूचं. भूकंप झाला तेव्हा ते प्राथमिक शाळेत होते. त्यानंतरची शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. उन्हाळ्यात पत्रा तापला की मास्तर पोरांना बाहेर बाभळीखाली बसवत. तिथं दर रविवारी लातूरहून एक तरुण प्राध्यापक जीपला लटकून यायचे, मुलांना गणित शिकवायचे आणि संध्याकाळच्या जीपनं परत जायचे. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. सर म्हणाले, “मला तेव्हाच ठरवून टाकावंसं वाटलं, आपण हेच करायचं. बँक कुठं होती डोक्यात? बँक म्हणजे आमच्यासाठी नुकसानभरपाईचं खातं काढायची जागा.”

पुढे ते लातूरला शिकले. एम.ए. झाले तेव्हा प्राध्यापकाच्या जागा निघत नव्हत्या. बँकेची परीक्षा दिली, ती पहिल्याच झटक्यात निघाली. “आईला लातुरात दोन खोल्यांचं घर झालं. बहिणीचं शिक्षण झालं. फळा मात्र राहून गेला,” ते म्हणाले आणि बशीतला चहा संपवला. सर चहा बशीतच प्यायचे.

बँकेत त्यांचं काम भावांचं होतं. व्याजदर वाढला की घटला, एवढंच बातम्यांत येतं. पण त्याआधी साहेबांपुढे कागद जातात, आणि त्या कागदांत महागाईबद्दलचे दोन-तीन परिच्छेद कैक वर्षं सरांचे असत. त्यांच्यावर कुणाचं नाव नसतं. सर म्हणायचे, “आपला परिच्छेद सहा टेबलांवरून जातो. शेवटी पोहोचतो तेव्हा त्यातला एखादा शब्द आपला उरतो. तो सापडला की आनंद व्हायचा.” लोकांच्या घरोघरी जाऊन ‘वर्षभरानं भाव काय असतील असं तुम्हाला वाटतं?’ हे विचारणं हा त्यांचा खास आवडीचा विषय होता. आजचा भाव दुकानात कळतो. उद्याचा भाव माणसाच्या मनात असतो, आणि माणूस मनातल्या भावाप्रमाणे वागतो, असं ते शिकवत.

दुसऱ्या वर्षाला प्रबंधिका लिहायची होती. मी हाच विषय घेतला. आमच्या वस्तीतल्या आणि शेजारच्या गावातल्या घरांत जाऊन हाच प्रश्न विचारायचा. पहिलं घर अर्थात आमचं. आई तूर पाखडत होती.

“आई, वर्षभरानं तूरडाळीचा भाव काय असेल?”

“म्या काय जोतिषी हाय?”

“अंदाजानं सांग.”

“ह्येच्यासाठी तुला नांदेडला ठिवलंय व्हय? डाळीचा भाव इचारायला?” मग सूप खाली ठेवून ती म्हणाली, “भाव इचारून कळत नसतोय. दुकानात पोतं कुठं हाय ते बघावं. डाळीचं पोतं पुढं, दाराशी असलं तर भाव पडनार. पोतं मागं, अंधारात गेलं की वाढनार. दुकानदार तोंडानं काय बी सांगू दे, पोतं खोटं बोलत न्हाई.”

मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग बाकीच्या घरांतही बायांना पोत्याचं विचारत गेलो. विहाराच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या बायांनी तर मला तेलाच्या डब्याची, गुळाच्या ढेपेची, सगळ्यांची अशी जागा सांगितली. एक म्हणाली, “दुकानदारानं आपल्याला बसा म्हनलं की समजायचं, भाव उतरलाय.” मला वाटलं, हे प्रबंधिकेत चालणार नाही. पण काढून टाकायला जीव होईना. शेवटचं प्रकरण त्याचंच केलं आणि कच्ची प्रत भीतभीतच सरांकडे दिली.

आठवड्यानं ती परत मिळाली. सरांच्या खिशाला पेन आणि पेन्सिल दोन्ही असत, पण कच्च्या कागदावर ते पेन्सिलच वापरत. माझ्या पानांच्या समासात बारीक, फिकट अक्षरात काही ना काही लिहिलेलं होतं. ‘हा आकडा कुठून?’ ‘वाक्य लांब.’ पोत्याच्या परिच्छेदापाशी दोन उभ्या रेघा आणि ‘हे कुठल्याही पुस्तकात नाही.’ आणि अगदी शेवटच्या पानावर, खाली डाव्या कोपऱ्यात, ‘यावर पुढे माझ्याकडे काम करायची इच्छा आहे का?’ त्याखाली आखूड सही आणि तारीख. सर तारखेशिवाय सही करत नसत. उपस्थितीच्या कागदावरसुद्धा नाही.

ते वाक्य मी हॉस्टेलच्या जिन्यात उभा राहून वाचलं. पुढे काम म्हणजे पीएच.डी. सर बोलावताहेत. आणि मी त्यांच्याकडे काम करायचं म्हणजे सर इथं राहायला हवेत, नाही तर ते असं कशाला लिहितील? म्हणजे सर रुमाल उचलणार. मला एकदम दोन्ही मिळत होतं. इतकं, की मी घाबरलो. अशा प्रश्नाला लगेच ‘हो’ म्हणणं मला उतावीळपणाचं वाटलं. वाटलं, आधी प्रबंधिका नीट जमावी, परीक्षेत चांगले गुण पडावेत, घरी वडिलांशी बोलावं, मग सरांसमोर नीट उभं राहून सांगावं. नुसतं ‘हो’ नाही, काहीतरी बरोबर घेऊन.

मग मी एक काम केलं, आणि त्याच्यासाठीच हे सगळं लिहितोय. समासातल्या सूचना मी वहीत उतरवून घेतल्या. मोजक्याच पानांत दुरुस्त्या होत्या. तेवढी पानं नव्यानं छापली आणि बाकीची तीच ठेवली, कारण सगळी पुन्हा छापायचा खर्च मला जड होता. राहिलेल्या पानांवरची पेन्सिल मी खोडरबरानं खोडली. आमच्या शाळेत घाण कागद गुरुजींच्या हातात दिला की तो अंगावर यायचा. कागद स्वच्छ असावा, त्यावर कुणाची बोटंसुद्धा उमटू नयेत, एवढंच मला कागदाबद्दल माहीत होतं. मी जीव लावून खोडलं. रबराचा चुरा फुंकून टाकला. शेवटच्या पानावरचा प्रश्नही खोडला. तो तर माझ्या मनात होताच.

बांधणी करून प्रत सरांना नेऊन दिली. त्यांनी पानं चाळली, शेवटचं पान उघडलं आणि डाव्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. पेन्सिल गेली तरी दाबाचा खळगा राहतो.

“साफ केलंत सगळं,” ते म्हणाले.

“हो सर.” मला वाटलं, कौतुकच आहे.

“बरं.” त्यांनी प्रत मिटली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, “बरं, ठीक आहे.”

मी वाट पाहिली, की सर तोंडी विचारतील. ते माझ्याशी पहिल्यासारखेच वागले, पण पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. मी मनाची समजूत घातली, की सरांनी सहज लिहिलं असेल, म्हणून तर पेन्सिलीनं लिहिलं. आपण मनावर घेतलं. तोंडी परीक्षा झाली, बरी झाली. प्रती विभागातून परत न्यायच्या होत्या, पण माझी मी नेली नाही. सरांच्या खोलीच्या दाराशी जाऊन दोनदा परत फिरलो. आत सर काहीतरी लिहीत होते.

परीक्षा संपल्या आणि शिपाईकाकांनी बातमी आणली. “चालले रे तुमचे सर. रुमाल तिकडंच ऱ्हायला.”

जायच्या दिवशी मी त्यांची बॅग घेऊन नांदेडच्या स्टँडवर गेलो. लातूरच्या गाडीला अशी गर्दी, की दाराशी माणसं लटकलेली. मी धावत गेलो, खिडकीतून हात घालून माझा रुमाल टाकला आणि सरांसाठी जागा धरली. त्यांच्यासाठी मी केलेली एवढी एकच गोष्ट. सर आत जाऊन बसले. खिडकीतून त्यांनी रुमाल माझ्याकडे दिला.

“घ्या. तुमचा रुमाल.”

“सर...”

“बोला.”

मागून कंडक्टरनं घंटी मारली. मी म्हणालो, “सर, पोचल्यावर फोन करा.” सर हसले. प्रबंधिकेचं नाव मी काढलं नाही, त्यांनीही काढलं नाही. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत मी रुमाल हातात घेऊन उभा होतो. पोचल्यावर त्यांचा फोन आला, त्यांनी तेवढंच सांगितलं. पोचलो.

नंतर मी स्पर्धा परीक्षा दिल्या आणि लातूरला एका सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून लागलो. घरी पेढे वाटले. वडील रुळांवरच्या आपल्या गँगमधल्या सगळ्यांना सांगत सुटले, “पोरगं खुर्चीवर बसतंय.” तिथं आमच्या अव्वल कारकून बाई होत्या, निवृत्तीला आलेल्या, बोलीनं वऱ्हाडी, तोंडानं फटकळ. त्यांच्या हाताखाली मी फायली शिकलो. रुजू झाल्यावर महिन्याभरातली गोष्ट. मी तयार केलेली एक टिपणी साहेबांकडून परत आली. समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘मुरुडच्या प्रकरणाशी हे जोडता येईल का?’ मी कागद पाहिला, ड्रॉवरमधून रबर काढलं आणि खोडायला लागलो.

बाई ओरडल्या. “अरे अरे! काय करून राहिला तू?”

“साफ करतोय बाई. वर जायचीय फाईल.”

“उत्तर लिहिलंस का खाली?”

“कुठं?”

“पेन्सिलीच्या खाली, पेन्सिलीनंच! अरे, साहेब शाईनं लिहिते तेव्हा तो हुकूम असतो. पेन्सिलीनं लिहिते तेव्हा तुला खाजगीत विचारते. तू खाली खाजगीत सांगायचं, होय का नाही. मग त्यानं खोडायचं. तू उत्तर न लिहिता खोडलंस म्हणजे काय झालं ठाऊक आहे?”

“काय?”

“म्हणजे तू सांगितलंस, मला यात पडायचं नाही, विषय सोडा. आणि शहाणा साहेब असला तर तो पुन्हा विचारत नाही. शिकवलं नाही का तुला कुणी?”

रबर माझ्या हातात होतं. मी ते ड्रॉवरमध्ये परत ठेवलं. पाणी प्यायला म्हणून बाहेर गेलो आणि व्हरांड्यात बराच वेळ उभा राहिलो. सरांचा अंगठा कोपऱ्यावरून फिरताना दिसत होता. ‘साफ केलंत सगळं.’ त्यांनी आपल्या खात्यातल्या रीतीनं मला विचारलं होतं, जपून, माझ्यावर दडपण येऊ नये म्हणून. आणि मी आमच्या शाळेतल्या रीतीनं, जीव लावून, त्यांना नाही म्हणालो होतो.

कुणी म्हणेल, सरांचा नंबर होता ना, फोन करायचा. नंबर आहे. त्यावर सरांचा फोटोही दिसतो, मधे एका डोंगराचा होता, त्यावरून वाटलं बदली कुठंतरी लांब झाली असावी. मी कितीदा तरी लिहिलं, ‘सर, मी नाही म्हणालो नव्हतो.’ आणि पुसून टाकलं. इतक्या वर्षांनी एका लिपिकानं असा निरोप पाठवला तर त्यांना आठवेल का, असं वाटायचं. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटलं की मी अजूनही लातूरच्या स्टँडवरून जातो. वाट तशी वाकडी पडते. नांदेडची गाडी लागलेली असली की उतरणारी माणसं पाहतो. सर आता त्या गाडीनं येणार नाहीत, हे मला कळतं. किराणा दुकानांत डाळीचं पोतं कुठं ठेवलंय हेही पाहत जातो. एका वहीत लिहून ठेवतो. कुणाला दाखवायची आहे ती, हे मला माहीत नाही, म्हणजे माहीत आहे.

आणि मागच्या आठवड्यात, दुपारच्या डब्याच्या वेळी, शिपाईकाकांचा फोन आला. कैक दिवसांनी आवाज ऐकला. म्हणाले,

“साहेब झालास म्हनं. वळखलं का?”

“काका, असं काय बोलता!”

“विभाग दुसऱ्या इमारतीत चाललाय. कपाटं रिकामी करून राहिलो. जुन्या प्रबंधिका रद्दीत काढा म्हनलेत. तुझी घावली, म्हनून फोन केला. पोत्याची. सर जाताना माझ्याकडं देऊन गेले होते, पोरगं येईल न्यायला, त्याच्याच हातात द्या म्हनले. मी कपाटात ठिवली अन् माझ्या ध्यानातच ऱ्हायलं न्हाई. चुकलं बाबा माझं.”

“असू द्या काका. ठेवा, मी रविवारी येतो.”

“ठिवतो. पन शेवटच्या पानावर काहीतरी लिवलंय. सरांचंच अक्षर हाय. तोंडी परीक्षेनंतर लिवलं असंल.”

मी डबा बाजूला सरकवला. “वाचता का?”

“चष्मा लावू दे.” कागद फडफडल्याचा आवाज आला. मग काका एकेक शब्द जोडत, शाळेतल्या पोरासारखं वाचू लागले. “पुन्हा... विचारतो. यावर पुढे माझ्याकडे... काम करायची इच्छा आहे का? मी... कुठेही असलो तरी... विचारणं कायम आहे. उत्तराची घाई नाही.” थांबले. “खाली सही हाय. तारीख न्हाई टाकली.”

मी पेन काढून ते शब्द डब्याखालच्या कागदावर उतरवून घेतले.

“हॅलो? हाईस का? खोडू का रे ते? कागद साफ लागतो म्हनतेत ना तुमच्यात.”

“नको काका. खोडू नका.”

“आन् खोडायचं म्हनलं तरी खोडत न्हाई म्हना,” काका म्हणाले. “ह्ये पेन्सिलीचं न्हाई. शाईचं हाय.”